चाकाखालचं लिंबू

आमच्या घरात लिंबू हा बोलण्याचा विषय नाही. मी आणते, पिळते, साल टाकून देते, पण त्यावर कोणी अवाक्षर काढत नाही. आज मी काढणार आहे. ह्यांना आवडणार नाही, तर नाही आवडू दे.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एक मोठं निवासी संकुल आहे, तिथे मी गवत कापायच्या कामावर आहे. पंचवीस वर्षांपूर्वी विळा घेऊन लागले, आता चौदा बायकांची मुकादम आहे. डोंगर तासून इमारती उभ्या केल्यात, त्यामुळे दोन इमारतींच्या मध्ये सपाटी अशी नाहीच, नुसते उतार. मागे कुंपणाच्या भिंतीपर्यंत फिरायच्या पायवाटा आहेत, त्यांना तिथले लोक ट्रेल म्हणतात. पावसाळा सरत आला की गवत कमरेला लागतं. बुटाला गवत घासलं तरी मॅनेजरला फोन जातो. पायऱ्या, कडा, झाडांची बुडं आम्ही बायका हाताने कापतो आणि मोठे उतार ट्रॅक्टर कापतो. तो ट्रॅक्टर चालवायचे माझे मिस्टर. त्यांना सगळे मामा म्हणतात. मी अहो म्हणते, आणि चिडले की काहीच म्हणत नाही.

ह्यांची एक सवय होती. सकाळी निघताना ओट्यावरच्या लिंबांच्या डब्यातून दोन लिंबं उचलायची आणि खिशात टाकायची. ड्रायव्हर लोकांचं असतंच, लिंबू-मिरची, देवाचा स्टिकर, अगरबत्ती. मला वाटायचं त्यातलंच एक. लग्न करून आले तेव्हापासून बघत होते, कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. मालवणी माणूस, एक शब्द बोलायला चार वेळा विचार करतो.

गेल्याच्या गेल्या वर्षी, गणपती तीन दिवसांवर आलेले. संकुलाच्या गणपतीची मिरवणूक मागच्या ट्रेलने खालच्या तलावापर्यंत जाते, म्हणून मॅनेजरला तो उतार त्या दिवशी दुपारच्या आत कापून हवा होता. सकाळी ह्यांनी डबा उघडला तर आत एकच लिंबू. मी ते हातातून काढून घेतलं. म्हटलं, "रोज रोज कसली नजर लागते हो तुम्हाला? असे काय हिरो लागून गेलात?" आणि हसले. चांगली मोठ्याने हसले, शेजारीण दारात होती ती पण हसली. हे चपला घालून गेले.

अकराच्या सुमाराला मागच्या उतारावर ट्रॅक्टर उलटला.

मी वरच्या पायरीवर बायकांबरोबर उभी होते, सगळं डोळ्यांसमोर झालं. उताराला आडवा चालला होता, वरच्या अंगाचं मागचं चाक उचललं, अगदी सावकाश, मग ट्रॅक्टर कलंडला आणि हे खाली फेकले गेले. सीटच्या मागे लोखंडी कमान असते, ट्रॅक्टर उलटला तरी माणूस चिरडू नये म्हणून. ती ह्यांनी खाली पाडून ठेवली होती, कारण ट्रेलवर आंब्याच्या फांद्या लागतात. ट्रॅक्टर त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला, बहाव्याच्या बुंध्याला अडकून. गळ्याचं हाड मोडलं आणि डावा गुडघा गेला. माणूस हाती लागला.

हॉस्पिटलात ह्यांचा जुना दोस्त भेटायला आला, टँकरवाला. कॉटशी बसून म्हणाला, "मामा, लिंबू नव्हतं ठेवलं काय?" मी म्हटलं, लिंबाने काय होणार होतं? तेव्हा त्याने मला सांगितलं. उतारावर आडवं जायच्या आधी मामा फरशीचा तुकडा मातीवर ठेवतात, त्यावर लिंबू, आणि वरच्या अंगाच्या चाकासमोर ते मांडून ट्रॅक्टर हळूच पुढे घेतात. चाकावर भार असेल तर लिंबू चेचतं. अख्खं राहिलं तर समजायचं, चाक नुसतं टेकलंय, भार सगळा खालच्या अंगाला गेला, आणखी पुढे गेलास तर वाट लागली. मग मागे फिरायचं. फरशी कशाला, तर लिंबू मातीत रुतून वाचू नये म्हणून. "देवाचं नाय हो काकी," टँकरवाला म्हणाला, "मामाचं मीटर आहे ते."

इतकी वर्षं कमरेएवढ्या गवताआड हे चालायचं, मला कधी दिसलं नव्हतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते. लिंबू मी काढून घेतलं होतं.

वर्षभर हे नर्सरीत कुंड्या भरत बसले. ड्रायव्हर माणूस मातीत हात घालून बसला की कसा दिसतो, मला सांगता येणार नाही, बघवत नव्हतं एवढं खरं. बायका मामा मामा करत चहा द्यायच्या, तो घ्यायचे, पण मान वर नाही. एकच आशा होती, नवीन मशीन येईल आणि सीट परत मिळेल.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी ठेकेदार शेठने मला बोलावलं. म्हणाला, "बाई, नया मशीन घ्यायचाय. उतार तुम्हाला माहीत, तुम्ही सांगाल तो घेणार." ऐकायला झकास. पण मी काय आज कामाला लागले नाही. काही झालं तर बाईने सांगितलं म्हणून घेतला, असं म्हणायला तो मोकळा. आणि काही होणार ते कोणाला होणार? सीटवर बसणाऱ्याला. आणि सीटवर बसणार कोण? आमचे हेच. म्हणजे माझ्या नवऱ्याला कशावर बसवायचं ते मला ठरवायचं होतं.

अंधेरीला औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये दोन मशिनं होती. पहिला साधा छोटा ट्रॅक्टर, मागे कटर. जुन्याच्याच जातीचा, फक्त रंग चकचकीत. हे त्यावर हात फिरवून आले, ओळखीच्या माणसाला भेटावं तसं.

दुसरा मी आधी कधी पाहिला नव्हता. बुटका, रुंद, कटर पुढे, म्हणजे गवत चाकाखाली चेपायच्या आधीच कापलं जाणार. आणि मधोमध सांधा. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळत नाहीत, अख्खा ट्रॅक्टर कमरेत वळतो. शिवाय पुढचं आणि मागचं अंग वेगवेगळं कलतं, त्यामुळे जमीन वेडीवाकडी असली तरी चारही चाकं टेकून राहतात, असं विकणारा म्हणाला. उतारासाठी बाहेरून आणखी चार चाकं जोडायची, म्हणजे आठ. सीटसमोर उतार किती आहे ते दाखवणारा काटा. मी विचारलं, "लोखंडी कमान पाडता येते?" तो म्हणाला, "नाही मॅडम, फिक्स आहे." मला तिथेच ते मशीन आवडलं.

मग त्याने पुढचं सांगितलं. चालवायची पद्धत वेगळी, म्हणून पहिलं वर्षभर कंपनीचा ट्रेनिंग घेतलेला ऑपरेटर मशीनबरोबर येणार.

हे माझ्या बाजूला उभे होते. दोन पावलं मागे सरकले आणि साध्या ट्रॅक्टरपाशी जाऊन उभे राहिले.

घरी चहा पिताना ह्यांनी तोंड उघडलं. "तो कमरेत मोडलेलो ट्रॅक्टर नको."

"का नको? चाकं टेकून राहतात म्हणाला ना तो."

"विकणारो काय व्हया ता सांगात. साधो बरो असा. माझ्या हातातलो असा."

"तुमच्या हातातला होता तो पण उलटला."

हे बोलायला नको होतं. पण माझं तोंड असंच आहे, निघून जातं. ह्यांनी कप खाली ठेवला आणि डावा पाय हळूच पोटाशी घेतला. तो गुडघा पूर्ण वाकत नाही हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मग म्हणाले, "माका एक वेळ बसाक दी गो. एकच वेळ." इतक्या वर्षांत ह्या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

ट्रायल दसऱ्याला ठरली. दोन्ही मशिनं संकुलात आणायची, मागच्या उतारावर चालवून बघायची आणि मी सांगायचं. मी पिशवीत सहा लिंबं घेतली आणि नर्सरीतून कडप्प्याचा एक तुकडा.

पोहोचले तर शेठ आधीच हजर, झेंडूचे हार, नारळ, हळद-कुंकू घेऊन. साध्या ट्रॅक्टरला हार घातलेला, चारी चाकांखाली लिंबं. मी धावतच गेले, "शेठ, ट्रायल बाकी आहे," म्हणेपर्यंत त्याने नारळ फोडला आणि पाणी चाकांवर शिंपडलं. ट्रॅक्टर लिंबांवरून पुढे घेतला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्याकडे हार घातला, नारळ फोडला, लिंबं चेचली की गाडी आपली. कागद नंतर होतात. नारळ फोडलेली गाडी दसऱ्याच्या दिवशी परत पाठवायची म्हणजे अपशकुन, कोणी धजावत नाही. शेठला तो स्वस्तातला हवा होता आणि मला विचारल्यासारखं करून त्याने काम उरकलं. वर हसून म्हणाला, "मुहूर्त निघून जात होता बाई. आता मामा एक राउंड मारून दाखवतील, झालं."

हे सीटवर चढले. तेरा महिन्यांनी. डावा पाय हाताने उचलून आत घेतला ते फक्त मला दिसलं. बायका कौतुकाने बघत होत्या. एक म्हणाली, "काकी, मामा किती बरे दिसतात ना सीटवर." खरंच दिसत होते. तिथेच गप्प बसावं असं मला एक क्षण वाटलं. एक सही, एक मान हलवणं, आणि माझा माणूस कुंड्यांतून सुटला असता.

उताराच्या तोंडाशी ट्रॅक्टर आला. ह्यांनी खिशात हात घातला नाही. खाली उतरले नाहीत. सरळ गिअर टाकला. म्हणजे लिंबू ठेवायचंच नव्हतं त्यांना.

मी मधे गेले. वरच्या अंगाच्या मागच्या चाकासमोर कडप्पा ठेवला, त्यावर लिंबू. शेठ ओरडला, "बाई, पूजा झाली ना?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसती मान डावी-उजवीकडे, नको, नको. मी बाजूला झाले.

ट्रॅक्टर उतारावर आडवा गेला. मागचं चाक कडप्प्यावर चढलं, पलीकडे उतरलं. हे थांबले नाहीत, अजून पंधरा-वीस पावलं गेले, मग सपाटीला लागले आणि थांबले. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

कडप्प्यावर लिंबू होतं. अख्खं, पिवळंधमक, एका बाजूला जरा ओरखडा.

मी उचलायला वाकले तर मागून एक बाई म्हणाली, "काकी, चाकाखालचं हातात घेऊ नका." मी घेतलं. तिकडे हे शेठला सांगत होते, "फस क्लास गेलो. काय प्रॉब्लेम नाय."

मी ह्यांना नळाकडे यायला सांगितलं. कोणाला ऐकू जाणार नाही एवढं लांब. मूठ उघडून दाखवली.

"रुतला असतला," हे म्हणाले.

"कडप्प्यात रुतलं?"

हे नळाची तोटी चाचपू लागले.

"अहो, चाक उचललं होतं. आत्ता, ह्या क्षणाला तुम्ही त्याच्याखाली असता. मागच्या वेळी मी लिंबू काढून घेतलं, हसले, तेव्हापासून मी धड झोपलेली नाही. माझ्यामुळे झालं म्हणून. आणि आज मी हाताने ठेवलं तर तुम्ही त्याच्याकडे बघत पण नाही?"

ह्यांनी नळ सोडला. तोंडावर पाणी मारलं. पाणी तसंच वाहत ठेवून म्हणाले, "त्या दिवशी लिंबू होता."

"काय?"

"संकुलाच्या झाडाचा काढलंय. गवताआड फरशी ठेवलंय, लिंबू ठेवलंय. अख्खा रवला." मग वाहत्या पाण्याकडे बघत, "तरी मी गेलंय."

तेरा महिने हा माणूस कॉटवर, घरात, जेवताना माझ्यासमोर बसला होता आणि मी मनातल्या मनात मरत होते, आणि ह्याला माहीत होतं.

"का गेलात?"

"तू वर उभी होतंस. सकाळीच हसललंस. लिंबू बघान मागे फिरलंय असतंय, तर चौदा बायकांसमोर परत हसलं असतंस."

नळ मी बंद केला. ओरडायचं होतं, हात उचलायचा होता, गळ्यात पडायचं होतं, त्यातलं काहीच केलं नाही. मला एवढंच कळलं की हा माणूस उद्या परत जाईल. कोणीतरी बघत असेल, कोणीतरी घाई करत असेल, मॅनेजर घड्याळ दाखवत असेल, आणि हा जाईल. ट्रॅक्टर कुठलाही असो.

दुसरं मशीन कंपनीच्या ऑपरेटरने चालवलं. आठ चाकं लावून. मी एका वेळी एक, चार ठिकाणी लिंबू ठेवलं, प्रत्येक वेळी वरच्या अंगाला, एकदा तर जिथे मागच्या वेळी ट्रॅक्टर कलंडला बरोब्बर तिथे. मशीन कमरेत वळत गेलं आणि चारही लिंबांचा चेंदा झाला. ऑपरेटरला वाटलं आमच्याकडे पूजा अशीच करतात, त्याने प्रत्येक वेळी हात जोडले.

शेठने विचारलं, "तो बाई?"

"हा. वाकणारा. आठ चाकांसकट. आठ चाकांनी ट्रेलच्या गेटातून जाणार नाही, तर गेट मोठं करून घ्या. चाकं काढून आत न्यायचं नाही, एकदा काढली की परत कोणी लावत नाही."

"आणि नारळ फोडला त्याचा काय? लोक काय बोलतील?"

"नारळाचं खोबरं करून वाटा. अपशकुन माझ्या नावावर लिहा."

शेठ बराच वेळ चरफडला. शेवटी म्हणाला, "ठीक. पर वर्षभरानंतर चालवणार कोण? मामा ना?"

हे तिथेच होते. हार काढून टाकलेल्या ट्रॅक्टरला टेकून.

"नाही," मी म्हटलं. "हे चालवणार नाहीत. हे पुढे चालतील. लिंबू हे ठेवतील. अख्खं राहिलं तर मशीन पुढे जाणार नाही, तुम्ही सांगा नाहीतर मॅनेजर सांगू दे."

चौदा बायकांसमोर मी माझ्या नवऱ्याला सीटवरून उतरवलं. हे लंगडत नर्सरीकडे गेले आणि कुंड्या भरायला बसले, दसऱ्याच्या दिवशी.

दिवाळी गेली तरी माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, पाणी लागलं तर स्वतः उठायचे. पण काम केलं. सकाळी मी डबा उघडून दोन लिंबं काढायचे आणि त्यांच्या चपलांशेजारी ठेवायचे. ते उचलायचे. संध्याकाळी बहुतेक वेळा खिसा रिकामा असायचा. लिंबं चेचली, की अख्खी राहूनही मशीन पुढे गेलं, मी विचारत नव्हते. त्यांच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती आणि मला न विचारता जगताही येत नव्हतं, असे ते महिने गेले.

परत गणपती आले, परत तोच उतार. आदल्या आठवड्यात पाऊस इतका पडला की ट्रेलच्या वरच्या कडेची माती खालून वाहून गेली होती. मिरवणूक दुसऱ्या दिवशी. मॅनेजर वर उभा, संकुलाची माणसं उभी, मी आणि बायका पायऱ्यांवर. हे पुढे गेले, कडप्पा ठेवला, लिंबू ठेवलं, ऑपरेटरने मशीन हळूच पुढे घेतलं आणि थांबवलं.

ह्यांनी वाकून बघितलं. मग सरळ झाले आणि मशीनसमोर जाऊन उभे राहिले, एक हात वर करून.

मॅनेजर वरून म्हणाला, "मामा, उद्या मिरवणूक आहे. हळूहळू घ्या ना, काही होत नाही." हे हलले नाहीत. मॅनेजर परत बोलला, जरा चढ्या आवाजात. संकुलाचा एक माणूस हसला, लिंबासाठी अडला म्हणून. मोठ्याने हसला. ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला पायरीवरून दिसत होत्या. मनात एकच, हात खाली घेऊ नका, अहो, हात खाली घेऊ नका.

ह्यांनी हात खाली घेतला नाही. ऑपरेटरने मशीन मागे घेतलं.

मी बायकांना विळे काढायला सांगितले. तो पट्टा आम्ही पंधराजणींनी हाताने कापला, दिवस मावळेपर्यंत, आणि कापताना कडेची माती दोनदा पायाखालून सुटली.

घरी आल्यावर ह्यांनी खिशातून लिंबू काढलं आणि ओट्यावर ठेवलं. वर चाकाचा मातकट ठसा होता.

"सरबत कर गो," म्हणाले.

चाकाखालचं घरात घेत नाहीत. मी ते धुतलं, कापलं, अर्धं त्यांच्या ग्लासात पिळलं, अर्धं माझ्या. दोघांनी ओट्याशी उभ्यानेच प्यायलं.